सात पावलांच्या आत

आज दुपारी अडीच वाजता मी माझ्या बायकोवर पिस्तूल झाडलं. टक्. आवाज तेवढाच झाला, बॉलपेनचं बटण दाबल्यासारखा, कारण नळीत गोळी नव्हती. फ्लाविया गॅरेजच्या दाराने घरात शिरली होती. एरवी ती साडेतीनच्या आधी कधी येत नाही. पायांत नुसते मोजे, डोक्याला शॉवर कॅप, तोंडावर मास्क, त्याच्यावर ते प्लास्टिकचं शील्ड, शील्डवर वाफ धरलेली. पॅसेजच्या त्या टोकाला ती, ह्या टोकाला बेडरूमच्या दारात मी, आणि माझा हात छातीसमोर ताठ. कुणीतरी माणूस आहे एवढं डोळ्यांना दिसलं आणि बोट दाबलं गेलं. कोण माणूस, ते नंतर कळलं. तेसुद्धा तिचा आवाज आला म्हणून. कानात इअरफोन घालून, मान खाली घालून ती वसईला तिच्या आयशी बोलत होती. "हां गं आय, पोचले घरी, ठेवते आता." मी हात पाठीमागे घेतला, तेव्हा कुठे तिची मान वर झाली, आणि तिने ट्रॅफिक पोलिसासारखा तळहात दाखवला. "थांब हां जेकब, जवळ येऊ नको. आधी आंघोळ." मग लाँड्रीशेजारच्या बाथरूमचं दार लागलं आणि शॉवर सुरू झाला. ती नर्स आहे, म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये, आणि गेले सहा महिने बाहेरून आली की कुणाला शिवत नाही. तिची आंघोळ वीस मिनिटं चालते. तेवढ्या वेळात मला काय ते ठरवायचं आहे. म्हणजे, सांगायचं की नाही.

पहिल्यांदा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तिने बघितलं नाही, ऐकलं नाही, मग झालंच नाही म्हणायचं. मार्चपासून रोज लंच ब्रेकमध्ये, पोरगी फिरायला गेली की, मी हे करतो. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर कंपनीची मीटिंग म्यूट करून ठेवलेली, आणि मी पंधरा मिनिटं पॅसेजमध्ये. बेडरूमच्या दारापासून गॅरेजच्या दारापर्यंत सात पावलं. त्या दारावर फ्लावियाने आमच्या वसईच्या पॅरिशचं, म्हणजे चर्चचं, कॅलेंडर लावलंय, ते बरोब्बर माणसाच्या छातीच्या उंचीवर येतं. हात वर, टक्, डाव्या हाताने पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढायची, परत टक्. स्लाइड ओढली की मुठीत बसवलेल्या मॅगझिनमधली गोळी नळीत जाते, पण माझ्या सरावाच्या मॅगझिनमध्ये खोट्या गोळ्या असतात. दारू नसलेल्या, वजनाला हुबेहूब खऱ्या, फक्त टोकं लाल. त्या कार्पेटवर पडतात, मी वाकून वेचतो, परत भरतो. पन्नाशीला आलेल्या माणसाचा पोरखेळ, दुसरं काय. तर आत्ता मी पलंगाच्या कडेला बसलो, सवयीने मॅगझिन काढलं, आणि वरच्या गोळीचं टोक लाल नव्हतं. तांब्याचं होतं. मी ती अंगठ्याने बाहेर ढकलली, तिच्या खालची ढकलली, तिच्या खालची. दहाच्या दहा खऱ्या. म्हणजे पहिल्या दाबाला नळी रिकामी होती, दुसऱ्याला नसती. ती 'पोचले घरी' म्हणाली तेव्हा माझा डावा हात स्लाइडवर होता. तिच्या आयने वसईत फोन एक मिनिट आधी ठेवला असता तर? हा विचार पुढे जातच नाही. तिथेच घुटमळतो, आणि शॉवर चालू आहे.

हात कापत नाहीयेत, हे मला आवडलेलं नाही. कापायला पाहिजेत. दोन वर्षांपूर्वी कापले होते, आणि त्या दिवशी तर माझ्या हातात काहीच नव्हतं. रविवार होता, चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही तिघं परत आलो, मी दार उघडलं आणि आमच्या किचनमध्ये एक माणूस उभा. आमच्याच ग्लासातून पाणी पीत होता. हुडी घातलेला, पंचविशीचा असेल, चेहरा लक्षात ठेवावा असा अजिबात नाही. दचकला वगैरे नाही. पाणी संपवलं, ग्लास सिंकमध्ये ठेवला, ओट्यावरची दुसऱ्या गाडीची किल्ली उचलली आणि सरळ माझ्या अंगावर चालत आला. आणि मी काय केलं? मी बाजूला झालो. भिंतीला पाठ लावून त्याला वाट दिली. वर "सॉरी" म्हणालो. तोंडातून गेलं ते, कोल्स सुपरमार्केटमध्ये ट्रॉली आडवी आली की जातं तसं. माझ्या मागे फ्लाविया होती आणि तिच्या मागे ॲशली, तेव्हा चौदा वर्षांची. गाडी पुढे सापडली, त्याने फोडलेली खिडकीची काच विम्याने बसवून दिली, सगळं झालं. पण ॲशली ती गोष्ट मैत्रिणींना सांगते. "डॅड लिटरली सेड सॉरी टू द बर्गलर." पोरी फिदीफिदी हसतात. मीही हसतो, न हसून सांगतो कुणाला. फ्लाविया कधी हसली नाही. तिने त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही, आणि तेच जास्त लागलं. नवऱ्यावर चिडावं, टोमणा मारावा, वसईच्या बायका मारतात तसा एखादा झणझणीत. काही नाही. फक्त त्या दिवसापासून दाराला दोन कड्या लावायला लागली, आणि दुसरी कडी लावताना माझ्याकडे बघायची नाही.

मग मी पिस्तूल क्लबात नाव घातलं. ह्या देशात स्वतःच्या रक्षणासाठी पिस्तूल मिळत नाही, ते कारणच कायद्याला मान्य नाही. फॉर्मवर 'खेळ' लिहावं लागतं. मी 'खेळ' लिहिलं. घरीही तेच सांगितलं, की कंपनीतले जातात, डोकं शांत राहतं, गोल्फपेक्षा स्वस्त. कोर्स, पोलिसांची तपासणी, मग परवाना. तिजोरी आणली, भिंतीला बोल्ट मारून बसवली. गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळ्या किल्लीत, सगळं नियमाने. मी नियमाने वागणारा माणूस आहे हो. क्लबात पंचवीस मीटरवर कागद लावायचा, एक डोळा बारीक करायचा, पिस्तुलावरची पुढची काडी मागच्या खाचेत बसवायची, श्वास सोडायचा. मला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. तिथे वेंडी होती. सत्तरीची, मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली, कैद्यांच्या गाडीवर पहारेकरी म्हणून नोकरी केलेली, आता रेंजवर कुणी चुकत नाही ना ते बघायची. एकदा सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "जेकब, मेट, तू इथे खेळायला येत नाहीस." ती म्हणाली, "माणूस समोर आला ना, सात पावलांच्या आत, तर ही काडी-खाच काही दिसत नाही. नेम धरायला वेळ कुठला? डोळे त्याच्यावर ठेव. हाताकडे बघायचंच नाही. बोट दाखवल्यासारखा हात जाऊ दे, तो बरोबर जातो." तिने कागद ओढून इतका जवळ लावला की मला हसू आलं. आणि माझी पहिलीच गोळी मधोमध लागली. दुसरी तिच्याशेजारी. अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीराला माझ्याआधी काहीतरी येत होतं. "हे मी तुला शिकवलेलं नाही," वेंडी म्हणाली आणि कागद चुरगळून बिनमध्ये टाकला.

बोट दाखवल्यासारखं. आमच्या वाडीत बोट दाखवायची बंदी होती. दुधीच्या मांडवाखाली आय पुढे आणि मी मागे टोपली घेऊन, आणि एखादा करंगळीएवढा कोवळा दुधी लोंबताना दिसला की माझा हात वर जायचाच. "दाखवलंस बोट? चाव आता. पाचही चाव." कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, सगळ्या वसईला माहीत आहे, हिंदू असो की ख्रिस्ती. बोट वाकवून दाखवायचं, नाहीतर चावून दोष काढायचा. आठनऊ वर्षांचा असताना मी एकदा मुद्दाम केलं. आय नसताना मांडवाखाली उभा राहिलो आणि एकूण एक दुध्याला बोट दाखवलं. सरळ, ताठ. चावलं नाही. पंधरवड्यात अर्धे पिवळे पडून गळाले. बाबा म्हणाले माशी लागली, औषध मारायला पाहिजे होतं. माशीच लागली असणार, मी काय खुळा आहे? पण संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला गुडघे टेकले की आयचं लक्ष माझ्या हाताकडे आहे असं वाटायचं. मी सांगितलं नाही. आय वारली तेव्हा मी इथे होतो, तिकीट मिळेपर्यंत माती होऊन गेली. राहिलं ते राहिलंच.

शॉवर अजून चालू आहे. फ्लाविया केस दोनदा धुते. खऱ्या गोळ्यांचं मॅगझिन घरात तयार का होतं, हे तिला कसं सांगू? ते नियमात बसत नाही. मार्चमध्ये लॉकडाउन लागून सगळं बंद झालं, क्लबही. आमचं ट्रुगानिना, शहराच्या कडेचं नवं उपनगर, आधीच कुठे गजबजलेलं होतं, त्यात रस्ते एकदम ओस पडले. आमच्या गल्लीत पाच घरं अर्धवट बांधून थांबलेली, त्यांच्यावरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडतं. माणसं मास्क लावून फिरायला लागली आणि माझी पंचाईत झाली. आता प्रत्येकजणच तो किचनमधला माणूस वाटायला लागला. मास्कवरचे डोळे बघायचे, हा असेल का? शेजारच्या दत्तप्रसादने गेटवरून डाळीची पिशवी पुढे केली तेव्हा मी आधी त्याच्या छातीकडे बघितलं. तो म्हणाला, "काय रे, ओळखलं नाहीस का?" मी म्हटलं, मास्कमुळे. पण त्या क्षणी खांद्यात काहीतरी हललं होतं, ते मला माहीत आहे. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही. उलट ऑगस्टमध्ये कर्फ्यू लागला तेव्हा वाटलं, गोळ्या वेगळ्या किल्लीत ठेवून उपयोग काय, तो काय किल्ल्या शोधायला थांबणार आहे? मी फ्लावियाला विचारलंही होतं, की पिस्तूल बेडरूममध्ये ठेवूया का, थोडे दिवस. ती म्हणाली, "जेकब, वेड लागलंय का तुला? घरात पोर आहे." म्हणून मी एक मॅगझिन भरलं आणि घरातल्या आल्तारच्या खणात ठेवलं. वर वेलांकणी मातेची मूर्ती, खाली खणात मेणबत्त्या, जुन्या रोझऱ्या, तीर्थाच्या पाण्याची बाटली. तिथे कोण बघतंय. ओळखू यावं म्हणून बुडाला काळ्या मार्करने क्रूस काढला.

आणि तो क्रूस मीच पुसला. रविवारी आमच्याकडे यूट्यूबवर मिस्सा आणि मिस्सा झाली की सॅनिटायझर, हा फ्लावियाचा नियम. दरवाजांच्या मुठी, रिमोट, किल्ल्या, नळ, सगळं माझ्याकडे. काल रविवारी त्या दोघी बॅकयार्डमध्ये होत्या. मी दोन्ही मॅगझिनं पेपरवर काढली आणि स्पिरिटने पुसली, कारण हात लागतो त्यांना, आणि घरात रोग नको. बायको रोज मरण अंगावरून झटकून येते, आपण निदान पुसायचं काम तरी नीट करावं. असा माझा नीटनेटकेपणा. मार्कर स्पिरिटने जातो हे शाळेतल्या पोराला कळतं. क्रूस गेला ते मी बघितलंसुद्धा नाही, लगेच एक खणात ठेवलं, एक तिजोरीत. वरची गोळी बघितली असती तर कळलं असतं. आज बसवताना नजर टाकली असती तरी कळलं असतं. पण मी हाताकडे बघत नाही. सहा महिने मी तेच तर शिकलोय, बघायचं नाही.

शॉवर थांबला. मी उठलो, पिस्तूल तिजोरीत ठेवलं, दोन्ही किल्ल्या फिरवल्या, गोळ्या परत मॅगझिनमध्ये भरून ते पँटच्या खिशात टाकलं. आल्तारच्या खणात ठेवायला हात धजेना. ठरवलं. सांगायचं. तिच्या हातात मॅगझिन द्यायचं, पोलिसांना फोन करायचा, घेऊन जा म्हणायचं. परवाना जाईल, दंड होईल, कंपनीत कळलं तर नोकरीही जाईल, जाऊ दे. मरता मरता वाचली माझी बायको. मी किचनमध्ये जाऊन चहा ठेवला. फ्लाविया डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि स्टुलावर बसली, तेव्हा तिच्या नाकावर मास्कचा लाल वळ दिसला. मला एकदम रडू आलं, ते मी चहातल्या आल्याच्या वाफेवर ढकललं.

"लवकर आलीस," मी म्हणालो.

"घरी पाठवलं मला." तिने कप दोन्ही हातांत धरला. "आपल्या होममधली ती म्हातारी, सोळा नंबरची, काल गेली. तिच्या मुलाला आत नव्हतं ना सोडलं शेवटपर्यंत. तो आज कार पार्कमध्ये थांबला होता. माझ्या गाडीच्या काचेवर दोन्ही हातांनी मारत होता, जेकब. यू किल्ड हर, यू किल्ड हर. मी गाडी काढली तर सिग्नलपर्यंत मागे आला. म्हणून आयला फोन लावून ठेवला. एकटं वाटू नये म्हणून."

"पोलिसांना सांगितलं?"

"मॅनेजर सांगणार आहे. त्या माणसाचं तरी काय चुकलं रे, आई गेली त्याची." तिने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "तू मागे म्हणत होतास ना, ते बेडरूममध्ये ठेवूया म्हणून. ठेव. मी आता काही बोलणार नाही. तू घरात आहेस, हाच मला एक आधार आहे."

काय सांगू. मला आनंद झाला. खिशात ते दहा गोळ्यांचं वजन मांडीला लागत होतं, अर्ध्या तासापूर्वी ही बाई पॅसेजमध्ये मरून पडली असती, आणि मला आनंद झाला. दोन वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडे नवरा म्हणून बघत होती. पाण्याचा ग्लास सिंकमध्ये ठेवून चालत येणाऱ्या त्या माणसाला जणू आत्ता कुठे मी दारात अडवलं होतं. मी म्हणालो, "बरं." एवढंच. आणि मनात म्हटलं, झालं ना, संपलं, आता नीट बघत जाईन, लाल टोकं बघून मगच बसवीन. सांगून तिला आणखी घाबरवायचं कशाला? ती थकली आहे. असं सगळं मी दोन घोटांत जुळवूनसुद्धा टाकलं.

तेव्हा माझ्या पाठीमागे बॅकयार्डचं सरकतं दार उघडलं. मी वळलो असं म्हणता येणार नाही. मी वळलेलो होतो. कप फरशीवर फुटला, आणि माझा उजवा हात ताठ, डावा त्याच्या बाजूला, मूठ रिकामी. समोर हुडी, मास्क, छाती. बोट एकदा वाकलं. डावा हात मागे आला, आणि बोट दुसऱ्यांदा वाकलं. दोन्ही वेळा बरोबर मध्यावर, मला दिसत होतं ना.

"डॅड! इट्स मी!" ॲशली हसली. मास्क हनुवटीखाली ओढला. तासभर फिरायची परवानगी असते तेवढी संपवून ती आली होती, गाल थंडीने लाल. "व्हॉट वॉज दॅट? लाइक, अ निंजा थिंग?" मग तिने माझं तोंड बघितलं, माझ्या पाठीमागे तिच्या मम्मीचं बघितलं, आणि तिचं हसू थांबलं.

हात खाली येत नव्हता. मी त्याला ये म्हणत होतो. शेवटी डाव्या हाताने धरून खाली केला.

"जेकब," फ्लाविया म्हणाली. आवाज वॉर्डमधला, हळू, स्वच्छ. "मघाशी मी आले तेव्हा तुझ्या हातात काय होतं?"

मी खिशातून मॅगझिन काढून ओट्यावर ठेवलं. वरची गोळी ट्यूबलाइटखाली चकाकली. "तुझ्यावर झाडलं मी," मी म्हणालो. "तू आहेस ते कळायच्या आधी. नळी रिकामी होती. पण हे आत होतं, चुकून. स्लाइड ओढायला हात गेला होता आणि तू बोललीस." आणखीही बोललो असेन. मार्करचं, स्पिरिटचं. माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. फ्लाविया स्टुलावरून उतरली, फुटक्या कपाच्या तुकड्यांवरून अनवाणी चालत माझ्या बाजूने गेली, मला अंग न लागू देता. ॲशलीपाशी पोचली, तिला दंडाला धरून आपल्या पाठीमागे घेतलं, आणि माझ्याकडे तोंड करून तिच्यासमोर उभी राहिली.